फुईच्या कमरेवरचं गजकर्ण आणि तो पाच कलमी मेसेज

'गजकर्ण-नायटा आठ दिवसांत मुळापासून गायब' हा मेसेज आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळा मी गप्प बसलो. मग अमळनेरहून फुईचा फोन आला (आत्याला आम्ही फुईच म्हणतो): "खाज त बंद व्हई गई, पन डाग काबर वाढी ऱ्हायना?" तीन महिने ती त्या मेसेजबरहुकूम चालली होती. म्हणून आता लिहितो.

मेसेज म्हणतो : गजकर्ण रक्तातल्या उष्णतेनं होतं. वांगं आणि आंबट बंद करा. लसूण ठेचून रात्रभर बांधा. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, खाज थांबली की लावणं बंद करा. आणि हे घरात दुसऱ्याला होत नाही, घाबरू नका.

रक्ताचा इथे काही संबंध नाही. ही बुरशी आहे, आणि ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरावर जगते. उष्णतेबद्दल म्हणाल तर अर्धं खरं आहे, पण ती रक्तातली नव्हे, बाहेरची. घाम, ओल आणि घट्ट कपडा एवढं तिला पुरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या दमट भादव्यात परकराच्या नाडीखाली हे सगळं तयार असतं. फुईचा चट्टा बरोब्बर तिथेच होता. वांग्याचं तर नावच काढू नका. खान्देशात राहून भरीत सोडायला सांगणाऱ्याला निदान कारण तरी द्यावं लागेल, आणि तसं कारण नाहीच.

लसूण. मान्य, लसणातल्या अर्कानं प्रयोगशाळेत बुरशी मरते. पण ठेचलेला कच्चा लसूण रात्रभर बांधला की कातडी भाजते, फोड येतात. म्हणजे गजकर्ण होतंच, वर भाजलेली जखम.

आता ती ट्यूब. मी फुईला खोक्याचा फोटो पाठवायला सांगितलं. बारीक अक्षरात चार औषधांची नावं होती, त्यात क्लोबेटासॉल. हे अतिशय कडक स्टिरॉइड आहे. बुरशी शिरली की शरीर तिच्याशी भांडतं, त्या भांडणातून लाली आणि खाज येते. स्टिरॉइड भांडणारालाच झोपवतं. दोन दिवसांत खाज गेली म्हणून आपण खूश, आणि बुरशीला मैदान मोकळं. गजकर्णाची खूण म्हणजे गोल चट्टा, उंच खवल्यांची कड आणि मधे जरा साफ. फुईच्या कमरेवर ती कडच पुसली गेली होती. कळशीएवढा अस्ताव्यस्त तांबूस पट्टा, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे वळ. ते वळ आता जायचे नाहीत.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. तरी फुईला ट्यूब 'खाजेची द्या' एवढ्यावर मिळाली. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

आणि 'खाज थांबली की बंद करा' हे तर उलटच. साधं बुरशीचं मलम, लुलिकोनाझोल म्हणा की केटोकोनाझोल, कडेच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेलं असेल तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. आता तेही सोपं राहिलेलं नाही. भारतात पसरलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव पडलं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडले, तेव्हा सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेलाही दखल घ्यावी लागली.

फुईला त्वचारोगवाल्याकडे नेलं. त्यांनी कडेचे खवले खरवडून काचेवर घेतले, पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ट्यूब बंद करायला सांगितलं. स्टिरॉइड सुटल्यावर काही दिवस खाज आणि लाली उसळून येते, हे त्यांनी आधीच बजावलं. तशी ती आली. फुई दोन रात्री झोपली नाही, आणि मेसेजवाल्या भाच्यानं तेवढ्यात पुन्हा 'तीच ट्यूब लावा' म्हणून कळवलंच.

राहिलं पाचवं कलम. घरात दुसऱ्याला होत नाही म्हणे. टॉवेल एकच, चादर एकच, आतले कपडे पावसात घरातच दोरीवर अर्धे ओले. डॉक्टरांनी कपडे गरम पाण्यात वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवायला सांगितलेत, आणि घरातल्या सगळ्यांनाच दाखवायला या म्हणाले. फुईजवळ झोपणाऱ्या नातवाच्या मानेवर रुपयाएवढं गोल उमटलंय, कड स्पष्ट आहे. त्याला अजून कुणी काही लावलेलं नाही. सोमवारी नेतोय.