‘यूजीसी मान्य आहे ना, मग घ्या अ‍ॅडमिशन’? थांबा जरा

बारावीच्या पालकांमध्ये एक मेसेज जाम फिरतोय: "प्रायव्हेट युनिव्हर्सिटी यूजीसी मान्य असेल तर सरकारने सगळं तपासलेलं असतं, सगळे कोर्स व्हॅलिड, मुलींना फी माफ, बिनधास्त घ्या." यूजीसी म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा आयोग. मेसेज अर्धवट खरा आहे, म्हणूनच लोक फसतात.

आधी ते ‘सरकारने तपासलंय’ बघू. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी यूजीसी काढत नाही, ती राज्याच्या कायद्याने निघते, यूजीसी नंतर यादीत नाव घालते. छत्तीसगडने २००२ मध्ये नुसत्या नोटिफिकेशनवर युनिव्हर्सिटी काढायची सोय केली आणि बघता बघता शंभरावर निघाल्या, कित्येकींना ना कॅम्पस ना शिक्षक, शेवटी यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तरतुदीच उडवल्या. तोवर पोरं अ‍ॅडमिशन घेऊन बसलेली, त्यांना दुसऱ्या युनिव्हर्सिटीकडे वळवायची वेळ आली.

सगळे कोर्स व्हॅलिड? डिग्री द्यायचा अधिकार आहे, मान्य, आणि ती नोकरीला चालतेही, उगाच ‘डिग्रीचं दुकान’ म्हणून सरसकट झोडपायचं कारण नाही. पण लॉ असेल तर बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, आर्किटेक्चरला त्यांची कौन्सिल, तिथे यूजीसीचं नाव दाखवून भागत नाही. इंजिनिअरिंगचं उलटंच, युनिव्हर्सिटीला एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) आधी परवानगी लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सांगितलंय, त्यामुळे तो शिक्का नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका.

आता फी माफी, हे तर सरळ चुकीचं. राज्य सरकारचा जुलै २०२४ चा जीआर नीट वाचा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना माफी आहे, पण त्यातच कंसात प्रायव्हेट अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे आपण म्हणतो ती प्रायव्हेट, विद्यापीठं वगळलीत. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक तो कंस गाळला.

आणि आपल्या मुंबईत नावावरून काही कळतच नाही. एचएसएनसी ऐकायला प्रायव्हेट वाटते, ती राज्याची क्लस्टर युनिव्हर्सिटी, म्हणजे काही कॉलेजं एकत्र करून केलेली, आहे. एनएमआयएमएस अभिमत. सोमय्या विद्याविहार २०१९ पासून प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, म्हणजे मोठ्या भावाच्या वेळी तिथलं कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीचं होतं म्हणून धाकटीलाही त्याच सवलती मिळतील असं धरून चालू नका, काउंटरवर आत्ताचं स्टेटस विचारा आणि सगळ्या वर्षांची फी लेखी मागा.