वातारिदोरी : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार. 'वातारिदोरी' या जपानी शब्दावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तक्रारी तीन. 'वातारिदोरी' म्हणजे निव्वळ स्थलांतरित पक्षी, मी त्यात उगाच हळवेपणा ओतला. मी तो शरद ऋतूचा शब्द म्हटलं, पण भिंगऱ्या जपानात वसंतात येतात. आणि मी सांगितलेली रानहंसांच्या काटक्यांची गोष्ट भाकड आहे.

'वाट चुकलेल्या जिवांचा शब्द' हे माझं वाक्य चुकलंच, कान पकडतो. वाट पक्की ठाऊक असलेल्यांचाच तो शब्द. पण 'निव्वळ' काही पटत नाही. 'तोरी' म्हणजे पक्षी, समासात त्याचा 'दोरी' होतो. 'वातारि' आलंय 'वातारू'वरून : ओलांडणं. पूल ओलांडतात तेही वातारू. ते लिहिताना अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब काढतात. आपल्या 'स्थलांतरित'मध्ये इथलं आणि तिथलं स्थळ आहे, मधला समुद्र नाही. आणि हळवेपणाचं म्हणाल, तर निवृत्तीनंतर या संस्थेतून त्या संस्थेत जात दर ठिकाणी निवृत्तीची रक्कम उचलणारे बडे सरकारी अधिकारी असतात ना, त्या प्रकारालाही जपानी वर्तमानपत्रं 'वातारि'च म्हणतात!

ऋतूचं : हायकूच्या ऋतुकोशात, म्हणजे कुठला शब्द कुठल्या ऋतूचा ते सांगणाऱ्या कोशात, हा शब्द शरदातच बसतो, कारण तिथे तो उत्तरेकडून थव्यांनी येणाऱ्यांचा. भिंगरीला वसंतात वेगळं आसन आहे. ७२ भागांच्या जुन्या पंचांगात एप्रिलच्या सुरुवातीला 'भिंगऱ्या येतात' आणि लगेच पुढच्या पाच दिवसांत 'रानहंस उत्तरेला परततात'. दहा दिवसांत एकांचं येणं, दुसऱ्यांचं जाणं. मी हायकूचा उल्लेखच केला नव्हता, म्हणून घोळ झाला.

आता गोष्ट. जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, त्सुगारू भागात सांगतात : रानहंस चोचीत काटकी धरून येतात, दमले की ती पाण्यावर टाकून तिच्यावर टेकतात. किनाऱ्यावर काटक्या ठेवतात आणि वसंतात आपापली उचलून निघतात. उरतील तेवढे हंस हिवाळ्यात मेले. गावकरी त्या उरलेल्या काटक्या वेचून आंघोळीचं पाणी तापवत, मेलेल्यांच्या आठवणीत. या आंघोळीला 'गानबुरो' म्हणतात, तोही वसंताचा ऋतुशब्द.

रानहंस पाण्यावर आरामात बसतो, त्याला काटकी कशाला, हे तुमचं बरोबरच. पण समुद्राकाठी जन्म काढलेल्यांना हे ठाऊक नसेल? मूळ लेखात 'वाट चुकलेल्या'चं वाक्य काढतो, ऋतूचं सुधारतो. काटक्या राहू द्या.