झरमॅटचं उदाहरण देताय, तर पुरतं द्या

माथेरानच्या ई-रिक्षेवरून आमच्या घरात पुन्हा जुंपली आहे. ठाण्याच्या भाऊजींचं म्हणणं, दस्तुरीच्या पुढे, म्हणजे जिथे आज मोटारी थांबतात त्या नाक्याच्या पुढे, मोटार फिरली की माथेरान संपलं. वर दाखला कशाचा, तर स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाचा. "तिथे बघा, गाडीच नाही!" आणि हे ते मलाच ऐकवतात. मी माथेरानचा, आणि झरमॅटच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे.

भाऊजी, इथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत. विजेच्या आहेत, शेकड्यांनी. चादरी, भाजी, बिअरची पिंपं, प्रवाशांच्या बॅगा, सगळं त्या चौकोनी डब्यांतून फिरतं आणि हे डबे गावातच बनतात. आवाज इतका कमी की बानहोफश्ट्रास या मुख्य रस्त्यावरून चालताना मागे बघायची सवय लागते. तरीही गाव शांत आहे, कारण हौसेखातर गाडी घ्यायची म्हटली तर परवाना मिळत नाही. धंद्याची गरज दाखवावी लागते. बाकीच्यांनी गाडी खालच्या टेश गावात लावायची आणि शटल गाडी पकडायची. टेशपासून वरपर्यंत रस्ता आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. सगळ्यांसाठी मोठा रस्ता करायचा प्रस्ताव आला तेव्हा, १९७२ साली, गावाने मतदान करून तो नाकारला. गावाने. मुंबईहून दोन दिवस हवा खायला आलेल्यांनी नाही.

आमच्या माथेरानचं काय झालं? १८५० मध्ये मॅलेट या इंग्रज साहेबाने डोंगर हेरला, १९०७ मध्ये पीरभॉय यांची छोटी रेल्वेगाडी नेरळहून वर आली, २००३ मध्ये परिसर इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. मोटारबंदी चांगलीच आहे, मला ती हवीच आहे. पण त्या बंदीचा भार कोणाच्या अंगावर पडतो ते कोणी बघत नाही. पावसाळ्यात लाल चिखलातून आजारी माणसाला खाली कसं न्यायचं? शाळेतल्या पोरांनी, म्हाताऱ्यांनी रोज किती चालायचं? आणि हातरिक्षा? पुढून एक ओढतोय, मागून दुसरे ढकलतायत, आत बसलेला माणूस दरीचे फोटो काढतोय. माझे काका आयुष्यभर तेच करत होते. चाळिशीतच त्यांचे गुडघे गेले. झरमॅटमध्ये घोडागाड्या चालतात, पण माणसाला ओढणारा माणूस मी इथे पाहिलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं तेव्हा मी डबल शिफ्टवर होतो. भांड्यांच्या सिंकपाशी उभा राहून ती बातमी वाचली आणि रडलो. न्यायालयाने ई-रिक्षा या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायला सांगितल्यात. माझं भांडण आहे ते या एका मुद्द्यावर. परवाना ठेकेदाराकडे गेला, तर काकांचा मुलगा कालपर्यंत रिक्षा ओढत होता, उद्या दुसऱ्याची चालवील. घोडेवाल्यांची भीतीही खरी आहे. त्यांच्या पोटाचा हिशेब आधी मांडा, मग शांततेवर बोला. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बरे की माती बरी, यावर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी किती जण पावसाळ्यात तिथे राहतात?

इथली व्यवस्था मला आवडते, हे लपवत नाही. आमच्याकडच्यापेक्षा ती सरस आहे असंही म्हणतो आणि त्यावरून घरचे चिडतात. पण झरमॅटच्या त्या मतदानाबद्दल मी एवढ्या अभिमानाने सांगतो, तेव्हा मनात खुपतंही. मला इथे मत नाही. मी झरमॅटमध्ये राहतसुद्धा नाही. तिथलं भाडं परवडत नाही, म्हणून टेशला स्टाफच्या खोलीत, दोन पोर्तुगीज सहकाऱ्यांबरोबर राहतो. ज्या गावाला बोलता बोलता "आमचं" म्हणतो, तिथून रोज रात्री काम संपवून खाली उतरतो. दस्तुरीखालून रोज कामाला वर चढणारी माणसं लहानपणी पाहिली होती. आता मी त्यांच्यातलाच आहे.

चुलतभाऊ म्हणतो, "परवाना मिळाला तर ये, दोघं मिळून चालवू." मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही. इथला फ्रँकमधला पगार सुटत नाही. भाऊजी, मी बाहेर राहून बोलतो हा तुमचा टोमणा लागतो तो म्हणूनच. पण तुम्हीही बाहेरचेच आहात. तेव्हा परवान्याच्या यादीत ओढणाऱ्यांची नावं लागेपर्यंत आपण दोघांनी निदान त्यांच्या आड येऊ नये.