मामांच्या मृत्यूचे कारण

माझे मामा तीन वर्षांपूर्वी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. लातूर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी दहावा उरकल्यावर मी आणि मामेभाऊ मृत्यूची नोंद करण्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो, कारण २१ दिवसांच्या आत ती केली नाही तर पुढे वारसनोंदीला खेटे घालावे लागतात. फॉर्ममध्ये मृत्यूचे कारण विचारले होते आणि त्याखाली मृत व्यक्तीला धूम्रपान, तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय होती का, असल्यास किती वर्षे, असे रकाने होते. तंबाखूपुढे भावाने चाळीस वर्षे सांगितली. मामांची शुगर सतरा वर्षांची होती, पण तिच्यासाठी रकाना नव्हता. ग्रामसेवकांनी कारण विचारल्यावर भाऊ म्हणाला, "अटॅक." तेच लिहिले गेले.

अटॅक खोटा नव्हता. मात्र त्याची सुरुवात चार वर्षे आधी बाभळीच्या एका काट्यापासून झाली होती, असे मला वाटते. काटा चपलेतून आरपार गेला आणि मामा त्याच पायाने दिवसभर सोयाबीनच्या रानात फिरले. संध्याकाळी ओसरीवर चप्पल काढली तेव्हा तिच्या आतले रक्त मामींना दिसले, मामांना काहीच कळले नव्हते. त्यांच्या तळव्यांची संवेदना केव्हाच गेली होती. "दुखतच न्हाई तर दवाखान्यात कशाला?" हे त्यांचे उत्तर मला अजून आठवते. पंधरवड्याने अंगठा काळा पडला, तो काढावा लागला, पुढे मूत्रपिंडे बिघडून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, पायांवर सूज आली आणि शेवटी हृदयाने साथ सोडली. रक्तदाबाची गोळी त्यांनी मधेच बंद केली होती, कारण ती "गरम पडते" असे कोणीतरी सांगितले होते. शुगरची गोळी मात्र ते न चुकता घेत.

मधुमेह असलेल्या माणसांचे मृत्यू जगभर सारख्या गतीने वाढत आहेत, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात मधुमेही प्रौढांमधील हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांनी आणि पाय किंवा पायाचा भाग कापावा लागण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये २००१ ते २०१८ या काळातील नोंदी पाहिल्या तर मधुमेहींच्या मृत्यूचे पहिले कारण आता हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार नसून कर्करोग आहे; म्हणजे हृदयविकाराने मरणारी माणसे त्यातून वाचून दुसऱ्या आजारापर्यंत पोहोचू लागली. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २००० ते २०१९ या काळात निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मधुमेहाने होणाऱ्या मृत्यूंचा वयानुरूप दर (म्हणजे लोकसंख्येतल्या वयांचा फरक वगळून काढलेला दर) १३ टक्क्यांनी वाढला. भारत याच गटात मोडतो, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने आपल्याकडील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचे दाखवले.

तिकडचा फरक एखाद्या जादूच्या औषधाने पडला नाही. ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले, त्यात मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर मधुमेहाशी निगडित मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. रक्तदाबाची साधी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, तंबाखू सोडणे आणि दरवर्षी पाय, डोळे, मूत्रपिंड तपासणे, एवढ्यावर बरेचसे साधले. आपण मात्र "उपाशीपोटी किती आली?" या एकाच आकड्यात अडकलो आहोत. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे ताट बाजूला सरकवणारा माणूस आपण पथ्य पाळले असे समजतो आणि त्याच दुपारी तंबाखू मळतो. (शुगर हा ढेरपोट्या शेठजींचा आजार, हा समजही आमच्याकडे पक्का आहे. मामा काठीसारखे होते. दिसायला बारीक, पण आत चरबी अधिक, ही भारतीय शरीराची ठेवण पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बाळांमध्येही दाखवून दिली आहे.)

माझा खरा आक्षेप मात्र नोंदीवर आहे. अमेरिकेला आणि इंग्लंडला आपले मृत्यू कशाने घटले हे सांगता येते, कारण त्यांनी ते मोजले. आपल्या देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांचे कारण घरचे सांगतील ते, आणि मराठवाड्यातल्या गावांत घरचे काय सांगतात हे आपण सगळे जाणतो: अटॅक, म्हातारपण, अंगावर काढले. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात तरी तात्काळ कारण, त्यामागचे कारण आणि त्याच्याही मागचे मूळ कारण अशा ओळी असतात, शिवाय मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर आजारांसाठी वेगळी जागा असते. घरी झालेल्या मृत्यूचा मागचा धागा तुटूनच जातो. सुपारी किती वर्षे खाल्ली हे विचारणाऱ्या फॉर्मला शुगर आणि बीपी किती वर्षांपासून होते हे विचारायला दोन ओळी पुरल्या असत्या. घरच्यांना ते नक्की सांगता येते, कारण गोळ्यांची पाकिटे त्यांनीच आणलेली असतात. तेवढे झाले तर आमच्या तालुक्यात शुगरवाले कोणत्या वयात जातात, याचा अंदाज तरी बांधता येईल.

मामींनाही आता शुगर आहे. मागच्या महिन्यात मी त्यांना लातूरला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला दहा ठिकाणी टोचून पाहिले. प्रत्येक वेळी लागले की "हो" म्हणायचे होते. उजव्या पायाला मामी सात वेळा "हो" म्हणाल्या. डाव्या पायाला चार वेळा म्हणाल्या, आणि मग डोळे मिटूनच विचारले, "टोचताय ना अजून?"