वटवाघळं वाढलीत म्हणे, पण कुठली?

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आतापर्यंत तीनदा येऊन गेलाय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: 'मुंबईत जंगल कमी होतंय तरी वटवाघळं वाढतायत, म्हणजे त्यांना काही फरक पडत नाही. पंख आहेत, एका जंगलातून दुसऱ्यात उडून जातात. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरी लावली की झालं. उलट शहरात शिरून आजार पसरवतात, झाडं छाटा आणि हाकला.' शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली लिहिलं, आधी पार्किंगमधला बदाम कापा, बॉनेटची वाट लागलीये.

मी पण हात जोडूनच उत्तर देतो.

'वाढतायत.' मोजली कोणी? संध्याकाळी सात-साडेसातला जे दिसतं ते साधारण तीन-चार जातींचं काम असतं. बदामावर येतं ते आखूड नाकाचं फळखाऊ, ते एक बदाम तोडतं, बाजूच्या फांदीवर नेतं, वरचा गर चावून चोखून चोथा थुंकतं आणि आठळी खाली टाकतं, ती पडते काकांच्या गाडीवर. पोडियमच्या दिव्याभोवती गिरक्या घेते ती पाकोळी, अंगठ्याएवढं किडे खाणारं वटवाघूळ. आणि उंचावरून संथ पंख मारत जातं ते मोठं वाघूळ, उडतं कोल्हं म्हणतात ते. ही मंडळी शहराला सरावलेली आहेत, आपण लावलेला बदाम, पेरू, सिंगापूर चेरी त्यांना चालतं, झोपायला स्लॅबची फट नाहीतर आसुपालवाची पानं पुरतात. जंगल तुटल्यावर अशांचं उलट फावतं.

हे फक्त मुंबईचं नाही. ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला 1979 पासून एक प्रयोग चालू आहे, तिथे गुरांसाठी जंगल साफ करताना मुद्दाम 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे राखले आणि आत काय होतं ते बघत बसले. कडेला आणि पडीक रानात फळं खाणारी काही वटवाघळं वाढली, कारण तिथे लवकर फळणारी झुडपं माजतात, पण पानावर बसलेला किडा-बेडूक अलगद उचलणारी जी असतात ती छोट्या तुकड्यांतून कमी झाली. परळला मिलच्या जागी टॉवर आले, माणसं काय कमी झाली? पण चाळीतली होती तीच राहिली का? वाढलीत म्हणताना ही गंमत होते बघा.

आणि 'सगळी सारखीच' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी फोर्टातलाच किस्सा. 1948 साली तमिळनाडूच्या बाजूच्या घाटात एक वटवाघूळ मिळालं, फोर्टातल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संग्रहात आलं, आणि नेहमीचंच आखूड नाकाचं आहे समजून ठेवून दिलं गेलं, म्हणजे आमच्या बदामावरचं जे आहे ना, तेच समजून. 1972 साली थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी नीट पाहिलं तर जातच काय, अख्खा वंशच नवा निघाला, त्याला सलीम अलींचं नाव दिलं. चोवीस वर्षं आपल्याच मुंबईत पडून होतं! जाणकार लोक हाताशी असताना ही तऱ्हा, तर आपण गॅलरीतून बघून काय ओळखणार.

'पंख आहेत, उडून जातील.' हा मुद्दा पटकन पटतो म्हणून जास्त चुकीचा आहे. पंख आणि पंख यात फरक असतो हो. लांब-अरुंद पंखवाली मोकळ्यावर सुसाट जातात. आखूड-रुंद पंखवाली पानांच्या दाटीत हळू, जागच्या जागी वळत उडतात, आणि त्यातल्या घोड्याच्या नालेसारख्या नाकवाल्यांचा वाट शोधायचा आवाज इतक्या उंच पट्टीतला असतो की हवेत थोड्याच अंतरात विरून जातो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ती जवळपास आंधळीच समजा. मागे एका मित्राचा डिटेक्टर घेऊन आरेत गेलो होतो, त्या डबड्यात आपल्याला न ऐकू येणारा आवाज ऐकता येतो. आपला कान 20 किलोहर्ट्झला संपतो. दिव्याच्या खांबाखाली काटा 45 वर ठेवला तर पट्-पट्-पट् आणि मध्येच झ्झिप्, म्हणजे किडा धरायला सूर मारला. काटा शंभरच्या आसपास, म्हणजे त्या नालेसारख्या नाकवाल्यांच्या पट्टीत नेला तर शुकशुकाट. मग आत अंधाऱ्या, दोन्हीकडून झाडं मिटलेल्या पायवाटेवर गेलो तेव्हा कुठे तो पाण्यात शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि झाडं संपली तिथे तोही संपला. रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, दहा मिनिटं उभा राहिलो, फक्त डास चावले. एका रात्रीवरून सिद्ध काही होत नाही हे मलाही कळतं.

पण पनामात कालव्यासाठी गातून तलाव भरला तेव्हा डोंगरांचे माथे बेटं होऊन राहिले, तिथल्या लहान आणि लांबच्या बेटांवर वटवाघळांच्या जाती कमीच मिळाल्या, मध्ये नुसतं पाणी आणि पंख तर सगळ्यांनाच होते. मलेशियात क्राऊच्या राखीव जंगलाच्या आसपास पाहिलं तर फटका जास्त बसला झाडाच्या ढोलीत, पानांत राहणाऱ्यांना, गुहेत राहणारी त्यामानाने टिकली. आपल्याकडे कान्हेरीची लेणी कोणी पाडणार नाही, ढोलीवालं जुनं झाड मात्र 'धोकादायक' म्हणून पहिलं कापलं जातं. आणि बहुतेक जाती वर्षाला एकच पिल्लू देतात, उंदरासारखं नसतं ते, एकदा गेली की भरून यायला वेळ लागतो.

'बदल्यात दुसरी लावली की झालं.' तमिळनाडूच्या घाटातल्या वालपराईला फिरायला गेलेल्यांनी ते हिरवेगार चहाचे मळे आठवा, फोटोत काय मस्त दिसतात, आणि वटवाघळांच्या बाबतीत तिथली अवस्था सगळ्यात वाईट निघाली. त्याच पठारावर देशी झाडांच्या सावलीतली कॉफी आणि उरलेल्या रानाचे तुकडे कितीतरी बरे. ब्राझीलमधल्या त्या तुकड्यांभोवतीचं रान आपोआप परत वाढलं तशी गेलेली काही वटवाघळं परतली हे खरं, पण त्याला तीसेक वर्षं लागली. डिव्हायडरवरच्या कुंडीला किती लागतील ते तुम्हीच बघा.

'आजार.' हे मी हसण्यावारी नेणार नाही. 2018 ला केरळात निपाह आला, तो विषाणू फळखाऊ वटवाघळांत असतो. उष्टं फळ खाऊ नका, मेलेल्याला हात लावू नका, बरोबर. पण हाकलून काय होतं? ऑस्ट्रेलियात वाघळांकडून घोड्यांना होणाऱ्या हेंड्रा विषाणूच्या बाबतीत दिसलं की हिवाळ्यात फुलणारं जंगल तुटलं, तशी उपाशी वाघळं गावात आणि घोड्यांच्या पागांजवळ आली आणि तिथून रोग पसरला, ज्या हिवाळ्यात उरलेलं रान भरभरून फुललं तेव्हा ती तिकडे गेली आणि प्रकार थांबला. आणि फळखाऊ वटवाघळांना उपद्रवी ठरवणारी कायद्यातली यादी 2022 च्या दुरुस्तीत निघाली, तेव्हा 'कायद्यानेच परवानगी आहे' हे पण नका चिकटवू पुढच्या फॉरवर्डला.

काकांनी परत विचारलंय, मग बदामाचं काय करायचं. काका, गाडी दोन फूट पुढे लावा.