ओली आग

"तुमची आग जरा ओली वाटते."

हे वाक्य काल मला एका गृहस्थांनी तोंडावर ऐकवलं. क्लायंटच्या लोगोला आग लावायची होती (त्यांच्याच सांगण्यावरून, आणि फक्त संगणकावरच्या ॲनिमेशनमध्ये). क्लायंट बाहेर फोनवर, आणि खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसलेले त्यांचे मेहुणे. कंपनीत त्यांचं पद काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"ओली म्हणजे?"

"म्हणजे अशी... लिबलिबीत." असं म्हणून त्यांनी खिशातून लायटर काढला आणि मॉनिटरला खेटून पेटवला. "ही बघा. कशी खडखडीत आहे!"

मी मॉनिटर मागे ओढला. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

"आणि धूर काळा करा. कुळकुळीत."

"साहेब, धुराचा लेयर, म्हणजे थर, स्क्रीन मोडवर आहे. त्या मोडमध्ये काळं दिसतच नाही, आरपार जातं."

"मग त्याला दिसायला सांगा."

"कोणाला?"

"काळ्याला."

वास्तविक त्या आगीत मी काय घालायचं ठेवलं होतं? फ्रॅक्टल नॉइज (संगणकाने काढलेला ढगाळ, विस्कटलेला पोत) वर सरकवला, त्यावर तो वेडावाकडा हलवणारा टर्ब्युलंट डिस्प्लेस चढवला, आकार सतत बदलत राहावा म्हणून इव्होल्यूशनला कीफ्रेम दिल्या, म्हणजे कुठल्या क्षणी किती बदल ते ठरवून दिलं. गाभा पांढरट पिवळा, कडा लालसर. ठिणग्यांचे पार्टिकल (बारीक कण) वर जाता जाता विझणारे. धूर ज्वाळेपेक्षा संथ, आणि लोगोच्या कडांवर आगीचा उजेड थरथरता. या नॉइजचं मूळ केन पर्लिन या संगणकशास्त्रज्ञाचं. संगणकाची चित्रं यंत्रासारखी गुळगुळीत दिसतात म्हणून वैतागून त्यांनी 1983 साली तो काढला आणि 1997 साली ऑस्करवाल्या अकादमीने त्यांना त्याबद्दल तांत्रिक पुरस्कार दिला. कोणाचे मेहुणे त्यांच्या खांद्याशी बसले नसावेत.

खरं दुखणं असं की आग सगळ्यांनी पाहिलेली असते. परग्रहावरचा आठ पायांचा प्राणी दाखवा, लोक माना डोलावतात. आग दाखवली की प्रत्येक जण तज्ज्ञ.

तेवढ्यात मेहुण्यांना आठवलं, "आमच्या कंपनीचा रंग निळा. आग निळी घ्या. धूर मात्र काळाच."

मी समजावलं. ज्वाळा पिवळी दिसते ती तापलेल्या काजळीमुळे. जळण पुरतं झालं की ज्वाळा निळी होते, मग काजळीच उरत नाही. काळा धूर आणायचा कुठून?

"अहो, विज्ञान नको. फील हवा."

फील! हा शब्द उच्चारला की माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. रात्र जागायची ती आपण. काळा धूर उठून दिसावा म्हणून मी पार्श्वभूमी राखाडी केली, धूर नॉर्मल मोडवर आणला (तिथे काळं काळंच दिसतं), आग निळी केली आणि रेंडर लावला, म्हणजे संगणकाला अंतिम चित्रफीत बनवायला बसवलं. रात्रभर त्याचा पंखा असा घोंगावत होता की खरी आग लागली असती तरी ऐकू आली नसती. वर याला "किरकोळ बदल" म्हणायचं. किरकोळ बदलाचा दर कुठल्याच करारात नसतो. माझ्याही नाही, आणि तो मागितला की आपणच चिंधी ठरतो.

सकाळी निरोप आला. "मस्त झालंय. पण मेहुण्यांचं म्हणणं, आगीने लोगो झाकला जातो. आग-धूर काढून टाका, लोगो नुसता गोल फिरवा. किरकोळच आहे, तेव्हा बिलात धरू नका."