स्वातंत्र्य हवंय? आधी 1961 चा कागद आणा

पहिला सल्ला: जन्माला येताना जागा नीट बघून घ्या. पालात, म्हणजे कापडाच्या तंबूत, जन्मू नका. पालाला घरपट्टी नाही, म्हणून पावती नाही, म्हणून सरकारदरबारी तुम्हीही नाही.

आता जन्मलाच असाल, तेही कैकाडी किंवा पाल पारधी, तर आजोबांना दोष द्या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास पुढं मुंबई इलाख्यातही आला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एखाद्या जातीत बदली का मागून घेतली नाही? सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकारनं डांबलेल्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड हजेरी देत बसले. गुन्हा विचारू नका, जात पुरेशी होती.

15 ऑगस्ट 1947 ला झेंडा दिसला म्हणून लगेच नाचायचं नसतं. मुंबई सरकारनं हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरातून तो जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. म्हणजे वर 5 वर्षं 16 दिवस. मधे 26 जानेवारी 1950 ला संविधानानं देशभर मोकळं फिरायचा हक्कही दिला होता, पण पोस्टाला उशीर होतोच की! शिवाय नाव किती छान मिळालं बघा: विमुक्त. बाकीचे नुसते स्वतंत्र, तुम्हाला खास सोडलेलं. सुटल्यावर करमणार नाही म्हणून 1959 मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदाही करून ठेवला. आणि तुरुंगातल्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते 2024 मध्ये. फार लवकर झालं, नाही?

आता पोराच्या जातीच्या दाखल्याचं. सेतूच्या खिडकीवर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतील. ‘साहेब, आजा गावोगाव फिरायचा’ असं सांगू नका. फिरणाऱ्याचं वास्तव्य नसतं. सातबारा आणा. नसेल तर आजोबांच्या शाळेचा दाखला आणा. (हसू नका, खिडकीवर हसलेलं चालत नाही.)

काहीच नसेल तर एक जागा सुचवतो. त्या आजोबांची हजेरी याच सरकारच्या दप्तरात लागत होती. नाव, जात, अंगठा, सगळं. इतका चोख पुरावा देशमुखांच्या वाड्यातही सापडायचा नाही. तेव्हा पोलीस ठाण्यात जा आणि जुनं रजिस्टर मागा. फक्त एकटे जाऊ नका. आणि आदल्या रात्री गावात चोरी झाली असेल, तर त्या दिवशी मुळीच जाऊ नका.